‘दिव्यांग’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व’: चाळीस टक्क्यांचा घोळ

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे. भाच्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 30 टक्के लिहून आले आणि सरकारी दिव्यांग ओळखपत्राचं (यूडीआयडी) कार्ड पांढऱ्या पट्टीचं, म्हणजे 40 च्या खालच्यांचं, मिळालं. कॉलेजात कागद दाखवले तर खिडकीवरचे बाबू म्हणाले, “चाळीस भरत नाही, म्हणजे तो दिव्यांगात बसत नाही.” ताई विचारतात, मग सरकारनं कार्ड दिलं ते कशाचं? आणि नोकरीच्या जाहिरातींत येतं ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे हेच, की काही वेगळं?

वेगळं. बाबू बोलले ते अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यातलं. त्या कायद्यात सात प्रकारांची यादी होती, आणि त्यातल्या एखाद्या प्रकारात डॉक्टरांनी किमान 40 टक्के लिहून दिले तरच माणूस कायद्याच्या लेखी अपंग ठरायचा. म्हणजे 39 वाला कायद्याच्या दारातसुद्धा उभा नाही. तो कायदा जाऊन 2016 चा नवा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, 19 एप्रिल 2017 पासून लागूही झाला, पण कचेऱ्यांच्या तोंडी जुनी व्याख्याच बसलेली आहे.

नव्या कायद्यात दोन वेगळ्या संज्ञा आहेत. पहिली नुसती ‘दिव्यांग व्यक्ती’: जिला शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची दीर्घकाळची बाधा आहे, आणि अडथळ्यांशी गाठ पडल्यावर त्या बाधेमुळे जिचं इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरणं अडतं, ती व्यक्ती. (शब्द माझे, आशय कायद्याचा.) यात टक्का कुठंच नाही. ‘अडथळे’ मात्र आहेत, आणि मला या व्याख्येत सगळ्यात मोलाचा शब्द तोच वाटतो. जिना आहे आणि रॅम्प नाही, हा दोष आता निव्वळ पायाच्या खात्यावर टाकता येत नाही.

दुसरी संज्ञा ‘लक्षणीय दिव्यांगत्व’. एरवी मराठीत ‘लक्षणीय’ म्हणजे नजरेत भरण्याजोगं. ‘कापसाच्या आवकेत लक्षणीय वाढ’ असं आपण रोज वाचतो, आणि ती वाढ नेमकी किती हे कोणी विचारत नाही. इथं मात्र शब्दाला आकडा बांधलेला आहे. अनुसूचीतल्या 21 प्रकारांपैकी एखादा किमान 40 टक्के असेल, तर ते लक्षणीय. या 21 मध्ये रक्ताचे तीन विकार आहेत: हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि सिकलसेल. जुन्या सातांत हे नव्हतेच. विदर्भात घरोघरी ‘एएस’ (सिकलसेलचा वाहक) आणि ‘एसएस’ (प्रत्यक्ष आजारी) ही अक्षरं पाठ असतात, तिथं ही भर किती मोठी आहे हे वेगळं सांगायला नको. फक्त यादीत आहे तो आजार. नुसता वाहक असणं म्हणजे आजार नव्हे.

आता टक्के. ‘तो 30 टक्के दिव्यांग आहे’ असं आपण सर्रास म्हणतो आणि बाकीचा 70 टक्के धडधाकट असल्यासारखं ऐकतो. प्रमाणपत्राचा नमुना नीट वाचा. हाडासांध्यांच्या बाबतीत तिथं शरीराच्या कोणत्या भागासंबंधी एवढे टक्के, हे लिहायला जागा सोडलेली असते. शिवाय एकाहून जास्त व्यंगं असली तर साधी बेरीज होत नाही. ठरीव सूत्रानं 30 आणि 20 मिळून 50 न होता 43 च्या आसपास येतात. टक्का हे मोजमाप आहे खरं, पण ते शरीराचं. त्या माणसाला कॉलेजात काय अडतं, हे त्यातून कळत नाही.

कोणत्या दाराला कोणती किल्ली लागते ते पाहा. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या 5 टक्के जागा: लक्षणीयच हवं. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन: तिथं 80 टक्के, वर दारिद्र्यरेषेची अट. पण भेदभावाला मनाई आणि ‘वाजवी सोय’ (अडचण पाहून करून दिलेला रास्त बदल, जसा परीक्षेत लेखनिक) हे हक्क पहिल्या व्याख्येतल्या प्रत्येकाचे आहेत. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये स्पष्ट केलं, की असल्या सोयीला लक्षणीय दिव्यांगत्वाची अट लावता येत नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रानं 40 च्या खालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी लेखनिक आणि जादा वेळेचे वेगळे नियम काढले.

एकाच सरकारच्या दोन व्याख्या असणं ही आपलीच तऱ्हा नाही. अमेरिकेत भेदभावाविरुद्धचा 1990 चा कायदा रोजच्या जगण्यातली एखादी मोठी क्रिया बरीच अडते का ते पाहतो. तिथलाच सामाजिक सुरक्षेचा कायदा प्रौढ माणसाला भत्ता देताना पोटापुरतं काम करता येतं का, हे पाहतो. हक्क देताना सरकारचा हात सैल, पैसे देताना आवळलेला.

तेव्हा ताई, 5 टक्क्यांच्या जागेसाठी भाच्याला 40 लागतील, तिथं बाबू बरोबर आहेत. पण सांधे दुखून लिहिणं जमत नसेल, तर परीक्षेच्या जादा वेळेचा अर्ज वेगळा करा. त्यात ‘दिव्यांग सवलत मिळावी’ असं मोघम न लिहिता ‘2016 च्या अधिनियमानुसार दिव्यांग व्यक्ती म्हणून वाजवी सोय’ असं लिहा, लिहायला अडचण असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.