औषधांचं ऑटोमॅटिक कपाट येतंय, मग फार्मासिस्टचं काय?

प्रश्न: मी साताऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आमच्या आयसीयूत औषधं देणारं ऑटोमॅटिक कॅबिनेट बसवणारेत. डेमोवाले म्हणाले आता चुकीचं औषध जाणारच नाही आणि इंडेंटची, म्हणजे फार्मसीला औषधांची मागणी लिहून पाठवायची, कटकटही संपली. फार्मसीतल्या मंडळींना टेन्शन आलंय की आपली गरजच उरणार नाही. खरंच असं होतं का?

उत्तर: सिस्टर, इंडेंटचं म्हणाल तर खरंय. बोट लावायचं, पेशंट निवडायचा, त्याच्याच औषधाचा कप्पा उघडतो, कुणी किती काढलं त्याची नोंद आपोआप, रात्री दोनला मावशींना फार्मसीत पळवायला नको. मॉर्फिन-फेन्टानिलसारख्या नशेच्या वेदनाशामकांचा हिशोबही पटकन जुळतो (सरकारी नोंदी ठेवाव्या लागतातच, ते सुटत नाही).

पण "जाणारच नाही" हे काही पटण्यासारखं नाही. कप्प्यात काय आहे हे मशीनला दिसत नसतं, भरणाऱ्याने जे सांगितलं तेच ते धरून चालतं. २००६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या कॅबिनेटमध्ये १० युनिटच्या हेपारिनऐवजी (रक्त गोठू न देणारं औषध) १०,००० युनिटच्या व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्या, भरल्या गेल्या, दिसायला सारख्याच, नर्सनी नेहमीच्या कप्प्यातून काढल्या आणि तीन बाळं गेली. म्हणून भरताना प्रत्येक व्हायल स्कॅन झालीच पाहिजे.

दुसरी भानगड ओव्हरराइडची. इमर्जन्सीत फार्मासिस्टने ऑर्डर तपासायच्या आधीच औषध काढता यावं म्हणून ती सोय असते. २०१७ ला अमेरिकेतच नॅशव्हिलमध्ये एका नर्सला व्हर्सेड (पेशंटला शांत करणारं औषध) हवं होतं, ते कॅबिनेटमध्ये मिडाझोलाम या मूळ नावाने होतं, तिने व्हर्सेडची पहिली दोनच अक्षरं (VE) टाइप केली, सापडेना म्हणून ओव्हरराइड केलं आणि हाती आलं व्हेक्युरोनियम, म्हणजे श्वासाचे स्नायूच बंद पाडणारं. पेशंट दगावली. नर्सला २०२२ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख. तेव्हा ओव्हरराइडच्या यादीत कुठली औषधं ठेवायची हे डेमोवाल्यांवर सोडू नका, आणि शोधताना निदान पाच अक्षरं टाकल्याशिवाय नाव दिसू नये अशी सेटिंग मागा.

आता फार्मसीवाल्यांचं. आपल्याकडे गोळ्या येतात दहाच्या स्ट्रिपमध्ये, चार कापून दिल्या की एक्स्पायरी आणि बॅच राहते दुसऱ्या तुकड्यावर. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडना बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झालाय, पण तो औषध अस्सल आहे का हे बघण्यासाठी, सुट्या गोळीवर तो काही नसतो. म्हणजे कपाटासाठी एकेक डोस वेगळा पॅक करून लेबल लावणार कोण? फार्मासिस्टच. ऑर्डर तपासणार कोण, कपाट भरणार कोण, तेही तेच. उलट एखादा माणूस वाढवावा लागेल असं मला वाटतं, मॅनेजमेंटला हे आवडणार नाही पण सांगून ठेवा. शिवाय कप्पा उघडला की कॅबिनेटचं काम संपलं, औषध तीन नंबर बेडला गेलं की चारला हे त्याला कळत नाही, त्यासाठी बेडपाशी रिस्टबँड स्कॅन करणं वेगळं लागतं.

आणि सर्व्हर बसला किंवा लाइट जाऊन बॅकअपही गेला तर कप्पे चावीने उघडायचे, ती चावी नाइटला कुणाकडे असणार हे बसवायच्या आधीच लेखी ठरवून घ्या.