पत्रे ठोकायला एवढ्या लांब जावं का?

प्रश्न : वादळाने होत्याचं नव्हतं केलेल्या एका बेटावर आमच्या चर्चचे स्वयंसेवक दोन आठवडे घरदुरुस्तीला जाणार आहेत. तिथल्याच चर्चच्या मंडळीने बोलावलं आहे. मी निवृत्त शिक्षिका, हातोडी कधी धरलेली नाही. मुलगा म्हणतो, तिकिटाचे पैसे पाठव, त्यात तिथले सुतार कामाला लागतील. काय करू?

उत्तर : ताई, मुलाचा हिशेब खोटा नाही. तो बोलावणाऱ्यांपुढे तसाच ठेवा आणि सरळ विचारा, माणसं हवीत की पैसे? घरं पडली तरी सुतार-गवंडी तिथेच असतात, आणि त्यांच्या पोटावर पाय देऊन केलेल्या सेवेला मी तरी सेवा म्हणणार नाही. पण उलटही होतं. 2013च्या नोव्हेंबरात हैयान वादळाने फिलिपीन्सला झोडपलं, तेव्हा 11 लाखांवर घरांचं नुकसान झालं. एवढी छपरं चढवायला कुठल्या देशात सुतार पुरतील? अशा वेळी त्या सुताराच्या हाताखाली बिगारी म्हणून जाणार असाल, तर जरूर जा. त्याला शिकवायला जाणार असाल, तर पैसेच पाठवा.

मी बांधकामावर सुपरवायझर होतो. चर्चच्या अशा तुकड्या माझ्या हाताखाली राबल्या आहेत. रंग द्यायला सगळे पुढे, कारण फोटो चांगला येतो. चिखल उपसायला, बुरशी धरलेल्या गाद्या आणि फुगलेलं प्लायवूड बाहेर काढायला बोलावलं की माणसं पांगतात. ते काम मागून घ्या. मास्क आणि जाड तळव्याचे बूट लागतील. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या. शिवाय तुम्ही शिक्षिका. कुठल्या घरी किती पत्रे गेले, किती स्क्रू उरले, याची वही रोजच्या रोज लिहिणारं माणूस साइटवर शोधून सापडत नाही.

शिडीवर चढू नका, पण खालून लक्ष जरूर ठेवा. वादळात वारा पत्र्याला वर ओढतो, आणि सगळ्यात जोर असतो कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याशी. म्हणून वळचणीला नि आढ्याला पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. मधल्या आडव्या लाकडांवर एकाआड एक चालतो. खोलग्यात मारला, तर पाणी साचून तिथूनच गळणार. स्क्रूखालचा रबरी वॉशर पत्र्याला नीट टेकला की थांबायचं. तो चेपून बाजूने बाहेर आला, तर काम बिघडलं समजा. हौशी मंडळी घोळ घालतात ती इथेच. हातात मशीन आलं की बोट बटणावरून निघत नाही. आणि पत्रा कितीही पक्का बसवा, वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले नसतील, तर वारा वाशांसकट छप्पर उचलतो. पट्ट्या मारून झाल्याशिवाय पत्रा चढवायचा नाही, असं तिथला सुतार म्हणाला, तर तुमचे दोन आठवडे संपत आले म्हणून त्याच्या मागे लागू नका.

घरांची यादी कोणी केली, हेही विचारा. चर्चला न येणारी एखादी म्हातारी त्या यादीत आहे का?

प्रश्न : काम करताना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगावी की नाही, यावरून आमच्यात वाद आहे. पाळकसाहेब गप्प आहेत.

उत्तर : सकाळी आपापसात प्रार्थना करा, कोण अडवतंय? पण ज्याचं अर्धं छप्पर तुमच्या हातात आहे, त्याला ‘नको’ म्हणायची सोय नसते. मदतीच्या आडून कुठलाही धार्मिक किंवा राजकीय विचार पुढे रेटायचा नाही, असं रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या 1994च्या आचारसंहितेत आहे. तिच्यामागे कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस अशा चर्चच्याच संस्था होत्या. तेव्हा हा बाहेरच्यांनी लादलेला नियम आहे, असं वादात कोणी म्हणू नये. घरमालकिणीने आपणहून विचारलं, तर बोला. तेही शिडीवरून उतरून.

प्रश्न : काम बिनपगारी आहे. मग पर्यटक व्हिसा चालेल ना?

उत्तर : ‘चालेल’ असं गृहीत धरू नका. बिनपगारी कामही कित्येक देश काम म्हणूनच धरतात. वकिलातीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. 2010च्या भूकंपानंतर हैतीत बाप्टिस्ट चर्चच्या दहा अमेरिकन स्वयंसेवकांना अटक झाली. ते 33 मुलांना योग्य कागदपत्रांशिवाय सरहद्दीपलीकडे नेत होते. आम्ही चांगल्या हेतूनेच आलो, असं ते सांगत राहिले; पण अनाथ म्हणून नेलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप हयात निघाले. तुम्ही छपरांपुरतं काम ठेवा. जुने कपडे नेऊ नका. बॅगेत जागा उरलीच, तर स्क्रू मशीनचे बिट न्या, ते भराभर झिजतात.