वाचकांचे प्रश्न : भारताचा सर्वश्रेष्ठ संघ कोणता?

प्रश्न : भारताच्या क्रीडा-इतिहासातील सर्वश्रेष्ठ संघ कोणता, यावरून आमच्या मित्रमंडळींत बरेच दिवस वाद चालू आहे. काही जण १९८३ च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघाचे नाव घेतात, तर काही जण ध्यानचंद यांच्या १९३६ च्या हॉकी संघाचे. आपण कोणाच्या बाजूने कौल द्याल?

उत्तर : या दोन्ही संघांविषयी पूर्ण आदर ठेवूनही माझा कौल तिसऱ्याच संघाला आहे. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये किशनलाल यांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक जिंकणारा हॉकी संघ मी सर्वांत वर ठेवतो.

संघाची थोरवी ठरवताना त्याने किती गोल केले किंवा किती चषक आणले, यापेक्षा समोर कोण उभे होते आणि हा संघ कोणत्या परिस्थितीत उभा राहिला, याला मी अधिक वजन देतो. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. १९३६ साली बर्लिनमध्ये अंतिम सामन्यात यजमान जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. जर्मनीचा तो एक गोल सोडला, तर त्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर गोल झालाच नाही. ध्यानचंद यांच्या खेळाला तोड नव्हती, यात शंका नाही. परंतु १९३२ साली लॉस एंजेलिसला हॉकीत मुळी तीनच संघ उतरले होते, आणि अमेरिकेविरुद्धचा २४-१ हा आकडा कितीही डोळे दिपवणारा असला तरी प्रतिस्पर्धी किती दुबळा होता, हेही तो सांगतो. शिवाय ज्यांच्याकडून आपण हा खेळ घेतला, त्या ब्रिटनने १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हॉकीचा संघ पाठवलाच नव्हता.

१९४८ साली सगळेच बदलले होते. फाळणीने देशाबरोबर संघही दुभंगला होता. पंजाब हा अविभाजित भारताच्या हॉकीचा कणा, आणि तोच मधोमध तुटला होता. केशव दत्त यांना लाहोर सोडून यावे लागले होते. बर्लिनच्या विजयी संघात भारताकडून खेळलेले अली इक्तिदार शाह दारा आता पाकिस्तानचे कर्णधार म्हणून लंडनला आले होते. अशा वेळी मुंबई, बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत अशा ठिकठिकाणच्या खेळाडूंतून नवा संघ बांधावा लागला. त्यात बलबीर सिंग नावाचा एक तरुण होता. त्याला त्या स्पर्धेत दोनच सामने खेळायला मिळाले. अर्जेंटिनाविरुद्ध त्याने सहा गोल केले आणि थेट अंतिम सामन्यात त्याला पुन्हा संधी मिळाली.

तो अंतिम सामना १२ ऑगस्ट १९४८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण होण्यास तीन दिवस उरले असताना, वेम्ब्ली मैदानावर ब्रिटनविरुद्ध झाला. ऑलिंपिकमध्ये हे दोन देश हॉकीत प्रथमच समोरासमोर येत होते. मैदान पावसाने जड झालेले होते, त्यामुळे चेंडू काठीला चिकटवून पुढे नेण्याची आपली शैली सहज चालणारी नव्हती आणि प्रेक्षकही यजमानांचेच होते. बलबीर यांनी पहिले दोन गोल केले, त्रिलोचन सिंग आणि पॅट्रिक जॅन्सन यांनी एकेकाची भर घातली आणि भारत ४-० ने जिंकला. ज्यांची सत्ता वर्षभरापूर्वीपर्यंत आपल्यावर होती, त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच खेळात मिळवलेल्या या विजयाइतके मोल माझ्या लेखी दुसऱ्या कोणत्याही विजयाला नाही.

(१९५६ च्या मेलबर्न संघाने ३८ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही, निव्वळ आकड्यांवर निवड करायची झाल्यास तो संघ पहिला येईल, हे मान्य करायला हवे.)

आता क्रिकेटविषयी. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर १८३ धावांचे तुटपुंजे भांडवल असताना वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळणे हा थक्क करणाराच पराक्रम होता, आणि त्याने या देशातील क्रिकेटची दिशा बदलली. तरीही त्यानंतर काही महिन्यांतच तोच वेस्ट इंडीज संघ भारतात आला आणि त्याने एकदिवसीय मालिका ५-० अशी, तर कसोटी मालिका ३-० अशी जिंकली, हे विसरता येत नाही. एक स्पर्धा जिंकणारा संघ आणि दीर्घकाळ वरचढ राहणारा संघ यांत मी फरक करतो. म्हणूनच क्रिकेटमध्ये माझी पसंती अजित वाडेकर यांच्या १९७१ च्या संघाला आहे, कारण त्याने एकाच वर्षात वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या भूमीवर मालिकेत हरवले, आणि त्याआधी या दोन्ही देशांत भारताला एकही कसोटी जिंकता आली नव्हती.

वेस्ट इंडीजच्या त्या दौऱ्यातील किंग्स्टनची पहिली कसोटी नीट पाहण्यासारखी आहे. भारताची अवस्था ५ बाद ७५ अशी झाली असताना दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावांची खेळी केली आणि एकनाथ सोलकर यांनी त्यांना खंबीर साथ दिली. भारताच्या ३८७ धावांना उत्तर देताना वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. एरवी १७० धावांच्या आघाडीवर फॉलोऑन देता, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावता आली नसती. परंतु पहिला दिवस पावसात वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला होता आणि त्यासाठी १५० धावांची आघाडी पुरेशी होती. वाडेकरांना हा नियम पक्का ठाऊक होता. ते स्वतः प्रतिस्पर्ध्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि गॅरी सोबर्स यांना त्यांनी पुन्हा फलंदाजीला येण्यास सांगितले. सामना अनिर्णित राहिला, तरी मालिकेचा नूर तेथेच पालटला, असे माझे मत आहे. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने जिंकली. याच मालिकेत सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. ऑगस्टमध्ये ओव्हलवर भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत रोखले; त्या डावात वेंकटराघवन यांच्या चेंडूवर सोलकर यांनी फलंदाजाच्या अगदी जवळ झेपावून टिपलेला ॲलन नॉट यांचा झेल आजही क्षेत्ररक्षणाचा वस्तुपाठ मानला जातो. हाच इंग्लंड संघ त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ॲशेस ही कसोटी मालिका जिंकून परतला होता.

प्रश्न : फुटबॉलमध्ये भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले होते, असे ऐकले आहे. त्या संघाला आपण कोणते स्थान द्याल?

उत्तर : फार वरचे. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. त्याच कोरियाकडून साखळीत भारत ०-२ असा हरला होता. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना विश्रांती देण्याऐवजी आघाडीच्या फळीत खेळवले, आणि जर्नेल यांनी उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. अंतिम सामन्यातील भारताचा पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा होता. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने स्थानिक प्रेक्षक भारतीय संघावर चिडलेले होते. रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर त्या तोडीचा भारतीय फुटबॉल संघ उभा राहिला नाही, याची खंत वाटते.

प्रश्न : अलीकडच्या काळातील एखादा संघ या पंक्तीत बसतो का?

उत्तर : नक्कीच. २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये खुल्या गटातील भारतीय संघाने २२ पैकी २१ गुण मिळवले आणि महिला संघानेही सुवर्णपदक जिंकले. हरमनप्रीत कौर यांच्या संघाने २०२५ चा महिला क्रिकेट विश्वचषक सलग तीन पराभवांनंतर जिंकला, आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. तरीही एकाची निवड करायची असेल, तर मी २०२२ साली बँकॉकला थॉमस करंडक ही पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या बॅडमिंटन संघाची करीन. त्याआधी भारत या स्पर्धेच्या अंतिम फेरीत कधीही पोहोचला नव्हता आणि समोर तब्बल १४ वेळा करंडक जिंकलेला इंडोनेशिया होता. मलेशिया आणि डेन्मार्कविरुद्ध लढत २-२ अशी अडलेली असताना एच. एस. प्रणॉय यांनीच शेवटचा सामना जिंकून दिला होता, डेन्मार्कविरुद्ध तर घोटा दुखावलेला असताना. अंतिम लढतीत मात्र लक्ष्य सेन, सात्विक-चिराग ही जोडी आणि किदंबी श्रीकांत यांनी पहिले तिन्ही सामने जिंकले आणि प्रणॉय यांना कोर्टवर उतरण्याची गरजच पडली नाही.