अंतर तेवढंच, मग वेळ वेगळा का?

प्रश्न : नकाशावर लंडन आणि लॉस एंजेलिस पट्टीने जोडले, तर रेषा अटलांटिक ओलांडून थेट अमेरिकेत शिरते. विमान मात्र वर ग्रीनलंडकडे जातं. एवढा वळसा कशासाठी?

उत्तर : तो वळसा नाही, तोच जवळचा रस्ता आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरवताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळचा मार्ग कमानीसारखा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो आपसूक ग्रीनलंडवर जाईल. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो याच दोऱ्याचा, म्हणजे बृहद्वृत्तावरचा असतो. आकडा सागरी मैलांत असेल तर १.८५२ ने गुणा, किलोमीटर मिळतील.

प्रश्न : पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोहोचायला हवं. लंडन–न्यूयॉर्कला उलट जास्त वेळ का लागतो?

उत्तर : हा प्रश्न फार जणांना पडतो आणि तो पडायलाच हवा. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा असा थेट फायदा कोणालाच मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा २०० धरा. पाठीमागून आला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ११००, समोरून आला तर फक्त ७००. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. हिवाळ्यात हे झोत अधिक जोरात असतात, त्यामुळे दोन दिशांच्या वेळांतली तफावतही तेव्हा वाढते.

प्रश्न : अंतराला ९०० ने भागलं की प्रवासाचा वेळ मिळतो ना?

उत्तर : लांब पल्ल्याला ढोबळ अंदाज येतो, छोट्या पल्ल्याला हिशेब साफ चुकतो. ४५० किलोमीटरला भागाकार अर्धा तास सांगेल, वेळापत्रकात तासाहून अधिक असेल. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उंची गाठणं, उतरण्याआधी वेग कमी करणं, सगळं त्यात येतं. म्हणून भागाकारात किमान अर्धा तास मिळवा. पुढचं विमान पकडायचं असेल तर मात्र वेळापत्रकच पाहा.

प्रश्न : टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला! छपाईची चूक आहे का?

उत्तर : नाही. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, ओलांडली जाते. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणा. टोकियो ९ तास पुढे, म्हणून निघणं सकाळी ८ ला. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणून पोहोचणं संध्याकाळी ६ ला. प्रवास १० तासांचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा ८ ऐवजी ७ धरा.

प्रश्न : हेलसिंकी–टोकियो प्रवास पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होता, आता सुमारे १३ तास दाखवतात. का?

उत्तर : २०२२ पासून युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे आणि जवळचा मार्ग नेमका सायबेरियावरून जातो. विमानतळांमधलं अंतर म्हणून आकडा जुनाच दिसेल, पण विमान उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून फिरून जातं.