अभ्यासिकेत लॅपटॉप टेबलावर ठेवून चहाला जायचं, तर केबल लॉकचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास बसता, चहाला उठताना दरवेळी लॅपटॉप बॅगेत भरून न्यायचा कंटाळा येतो, मित्र म्हणतो केबल लॉक घे (एक टोक लॅपटॉपच्या खाचेत अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाचा फास टेबलाला घालायचा, अशी पोलादी तार), आणि नेटवर बघावं तर लोक म्हणतात ते कटरने दहा सेकंदात तुटतं. मग पैसे घालावेत का?

घाला. पण आधी टेबलाखाली वाकून बघा.

पेपरातली घरफोडीची बातमी आठवा. ‘दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी घरात प्रवेश केला.’ कुलूप बिचारं शाबूत असतं, दोन स्क्रूंवर लटकलेला कोयंडा दगा देतो. लॅपटॉपच्या केबलचंही तसंच आहे. सगळे कुलपाचे रिव्ह्यू वाचत बसतात आणि ते कशाला अडकवायचं ते जागेवर गेल्यावर ठरवतात.

मी हे शिकलो ते फजिती होऊन. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं मशिनी सांभाळल्या. एकदा प्रोजेक्ट प्रदर्शन होतं, हॉलमध्ये मांडलेले आठ लॅपटॉप माझ्या जबाबदारीवर. खास त्यासाठी चांगली चावीची लॉक मागवली, प्रत्येकाची केबल टेबलाच्या पायाला गुंडाळली आणि निर्धास्त जेवायला गेलो. परत आलो तर सात. टेबल जागेवर, त्यावरचा चार्ट जागेवर, लॅपटॉप नाही. तुटलेली केबल सापडेल म्हणून शोधलं, तीही नाही. मग लक्षात आलं. घडीच्या टेबलाचा पाय म्हणजे सरळ पाइप, खाली रबरी बूच. कुणीतरी टेबल चार बोटं उचललं, फास खालून सरकवून काढला आणि लॅपटॉप कुलपासकट नेला. माझ्या खिशात चाव्या मात्र दोन्ही होत्या. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्या टेबलावर ठेवताना काय वाटलं ते सांगत नाही.

तेव्हा तुमच्या टेबलाखाली काय आहे ते बघा. दोन पायांना जोडणारी वेल्ड केलेली आडवी पट्टी असेल तर तिच्याभोवती फास घ्या. खिडकीजवळची जागा असेल तर खिडकीचा गज उत्तम. प्लायवूडचे कप्पे भिंतीला पक्के ठोकलेले असतील तर वायरी जायला पाडलेल्या भोकातूनही केबल ओवता येते, फक्त वरची फळी नुसती टेकवलेली तर नाही ना ते हाताने उचलून बघा. खुर्ची, बॅग, एक्स्टेन्शन बोर्ड यांना बांधून उपयोग नाही. मी एकाला पाण्याच्या रिकाम्या जारला बांधताना पाहिलंय. अडकवून झालं की एक मिनिट स्वतःच चोर व्हा आणि चावी न वापरता सोडवून बघा. तुम्हाला सुटलं तर त्यालाही सुटेल.

आता ‘कटरने तुटतं’ या मुद्द्याबद्दल. तुटतं, यात वाद नाही. आतली पोलादी तार कितीही पिळाची असली तरी चांगल्या कटरपुढे टिकत नाही. पण अभ्यासिकेत लॅपटॉप कोण उचलतो? दुपारी दीड-दोनला, अर्धी डोकी टेबलावर टेकलेली असताना, ‘जागा शिल्लक आहे का’ म्हणत आत आलेला माणूस, किंवा तिथंच आठवडाभर बसून कोण कधी चहाला जातं ते बघून ठेवलेला. त्याच्याकडे अर्धं मिनिट असतं आणि चार लोकांदेखत आपलाच लॅपटॉप असल्यासारखं उचलून चालू लागणं एवढंच त्याचं कसब. हातभर कटर काढून तार तोडणं त्या नाटकात बसत नाही. तो पुढच्या, न बांधलेल्या लॅपटॉपकडे वळतो. शेजाऱ्यावर हा अन्याय आहे, पण कुलूप ही वस्तूच तशी आहे.

हिसका देऊन उपटलं तर? उपटता येतं. मात्र खाचेजवळची बॉडी फाटते किंवा तडकते, आणि अशी जखम घेऊन आलेल्या लॅपटॉपला जुन्या बाजारात भाव पडतो, शिवाय दुकानदार चार प्रश्न विचारतो.

खरेदीआधी खाच तपासा. इथंच बहुतेकांचे पैसे वाया जातात. लॅपटॉपच्या कडेला, चार्जरच्या किंवा यूएसबीच्या आसपास, एक छोटी आडवी खाच असते, शेजारी कुलपाचं चित्र. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला केन्सिंग्टन या अमेरिकन कंपनीने ती रूढ केली, म्हणून कुठलंही लॉक असलं तरी लोक त्याला केन्सिंग्टन लॉकच म्हणतात. तिचं माप साधारण ७ बाय ३ मिलिमीटर. लॉकचं टोक इंग्रजी ‘टी’सारखं असतं, आडवं आत घालायचं आणि फिरवायचं की जुन्या दाराच्या खिटीसारखं आत अडकतं. पण अलीकडच्या पातळ लॅपटॉपना त्याहून लहान, ६ बाय २.५ मिलिमीटरची नॅनो खाच असते, आणि डेलच्या बऱ्याच मॉडेलना तिसरीच, वेज म्हणतात ती, ४.५ बाय ३.२ची. एकाचं लॉक दुसऱ्याला बसत नाही. बळंच घुसवलं तर बसल्यासारखं वाटतं आणि ओढलं की हातात येतं. म्हणून आपल्या मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या पानावर बघून घ्या, किंवा दुकानात लॅपटॉपच घेऊन जा. तीन वेगळी टोकं सोबत देणारी लॉकही मिळतात, ती सोयीची.

काही लॅपटॉपना खाचच नसते. मॅकबुक एअरला ती कधी नव्हतीच, आणि २०१२ साली आलेल्या रेटिना मॅकबुक प्रोपासून प्रोचीही गेली. अशांसाठी चिकटवायची धातूची पट्टी मिळते, तिच्यावर खाच असते. ती लावताना पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्या आणि पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत ताण देऊ नका. आमच्याकडे एकाने दहा मिनिटांत ओढून बघितली आणि ‘निकृष्ट माल’ म्हणून परत पाठवली. यूएसबीच्या भोकात अडकणारी लॉकही दिसतील, माझं मत विचाराल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. धक्का बसला तर पोर्ट जाईल, तोही तुमचाच.

रेल्वेत हीच केबल चालेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. स्लीपरच्या खालच्या बर्थखाली बॅगांसाठी कड्या असतात आणि फलाटावर साखळी-कुलूप विकणारे असतातच. कपड्यांच्या बॅगेला ते ठीक. पण लॅपटॉपची बॅग साखळीने बांधून झोपू नका. बॅगेच्या चेनच्या, म्हणजे झिपच्या, दातांमध्ये साधं बॉलपेन खुपसलं तर ती उघडते आणि स्लायडर एकदा फिरवला की परत मिटते. बॅग सकाळी जागेवर असते, आतला लॅपटॉप नसतो. तो वरच्या बर्थवर डोक्याशी घ्या, मान अवघडली तरी चालेल.

खरं तर मला तुमच्या अभ्यासिकेपेक्षा तुमच्या रूमची जास्त काळजी वाटते. पुण्यातल्या पोरांच्या फ्लॅटमधून लॅपटॉप जातात ते बहुतेक पहाटे-सकाळी, ‘उघड्या दरवाजावाटे’. एक जण क्लासला गेलाय, दुसरा अंघोळीला, तिसरा झोपलाय आणि दार नुसतं लोटलेलं. तिथं केबल कुणी लावत नाही. तेव्हा लॅचची किल्ली प्रत्येकाला करून द्या आणि रात्री लॅपटॉप खिडकीच्या गजांपासून हाताच्या नव्हे, काठीच्या अंतराबाहेर ठेवा.

आणि समजा गेलाच. मोबाईलसारखा ‘संचार साथी’वर ब्लॉक करता येईल अशी पुष्कळांची समजूत असते. तसं होत नाही, कारण ते काम आयएमईआय क्रमांकावर, म्हणजे प्रत्येक मोबाईलच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, चालतं आणि साध्या लॅपटॉपला तो नसतो. त्याच्याकडे असतो सीरियल नंबर. तो तळाच्या स्टिकरवर, खोक्यावर आणि बऱ्याचदा बिलावर असतो. आज मोबाईलवर त्याचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. चौकीत गेल्यावर ‘काळ्या रंगाचा, पंधरा इंची’ एवढंच सांगता आलं तर ठाणे अंमलदारही काय करणार? गुन्हा चोरीचाच नोंदवून घ्या, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, घरातून किंवा रूममधून गेला असेल तर ३०५. पुष्कळदा ‘गहाळ’ असा दाखला देऊन बोळवण होते, आणि विमा असेल तर तो कागद पुढे अडचणीचा ठरतो.

डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवा, म्हणजे चोराला आतलं वाचता येणार नाही; विंडोजमध्ये त्याची सोय आहे, मॅकवर फाइलव्हॉल्ट. मात्र रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर डिस्क उघडायचा लांबलचक कोड, त्याच लॅपटॉपवर साठवू नका. हरवलेला लॅपटॉप कुठं आहे ते दाखवणारं ‘फाइंड माय डिव्हाइस’ लॅपटॉप हातात असतानाच चालू करावं लागतं, गेल्यावर आठवून फायदा नाही. आणि दोन वर्षांच्या नोट्स एकाच ठिकाणी असतील तर हे उत्तर अर्धं सोडून आधी त्यांची प्रत कुठंतरी ठेवा. मी पाहिलेली रडारड यंत्रासाठी कमी आणि नोट्ससाठी जास्त होती.

राहिलं नंबरचं घ्यावं की चावीचं. चार आकड्यांच्या लॉकचे दहा हजार नंबर होतात. सेकंदाला एक धरला तरी सगळे तपासायला पावणेतीन तास. कागदावर छान दिसतं. पण स्वस्त लॉकवर थोडा ताण देऊन एकेक चाक फिरवलं की बरोबर आकड्यावर ते किंचित अडखळतं. आमच्या लॅबमधल्या शिपाईमामांनी एका विसरभोळ्या पोराचं लॉक असं चहा पिता पिता उघडलं होतं, आणि मामांनी आयुष्यात दुसरं काही फोडलं नव्हतं. चावीवाल्यांचीही कहाणी आहेच. २००४ साली अमेरिकेत गोल चावीची सायकलची नामांकित कुलपं बॉलपेनच्या नळकांड्याने उघडतात हे बाहेर आलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. म्हणून फारच जुनं, गोल चावीचं लॉक कुणी फुकट देत असेल तरी जरा सांभाळून.

तुमच्यासाठी मी नंबरचंच सांगेन, जरा बऱ्या कंपनीचं. तुम्ही दिवसातून सहा वेळा उठणार. चावी असली की तिसऱ्या दिवशी ती टेबलावरच राहते, आणि जोडीची दुसरी चावी बहुतेक लोक लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवतात. नंबर तेवढा ०००० वरून बदला. आणि लावल्यावर चारही चाकं नीट फिरवा. नुसतं शेवटचं एक चाक पुढे ढकलून उठणारे निम्मे तरी असतात.