नव्याने रुजू झालेल्या सेविकेस
तुर्भे किंवा दिघ्याच्या वस्तीत गरोदर मातांची नोंदणी करताना कागदपत्रांपासून सुरुवात करू नका. विमा नाही, रेशनकार्ड गावी आहे, या संकोचापायीच बाराव्या आठवड्यापूर्वी यायच्या त्या बायका पाचव्या महिन्यात येतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे व तपासण्या विनामूल्य असतात, हे आधी सांगावे. दरमहा ९ तारखेच्या विशेष तपासणीचीही आठवण द्यावी.

माझा खरा भर मात्र लोहाच्या गोळ्यांवर आहे. १८० गोळ्या हातात दिल्या म्हणजे काम झाले, असे समजू नये. मळमळते, शौचाचा रंग काळा पडतो, म्हणून त्या डब्यातच राहतात, आणि आपण विचारले की मान डोलावली जाते (मीही सुरुवातीला त्या मानेवर विश्वास ठेवला). काळा रंग निरुपद्रवी आहे हे समजावून, गोळी रात्री जेवणानंतर, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने, लिंबूपाण्यासोबत घेण्यास सांगावे. त्या वेळी सासूबाईंनाही जवळ बसवावे. घरातला चहा बहुधा त्यांच्याच हातात असतो.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा, हे पहिल्याच भेटीत सांगा.