बाहेरून फॉग लॅम्प लावले, म्हणून वॉरंटी गेली?

प्रश्न : आमची सात सीटर एसयूव्ही सासऱ्यांच्या नावावर आहे, चालवते मुख्यतः मी. घेऊन चौदा महिने झाले, वॉरंटी ३ वर्षांची. पावसाळ्यापासून रात्रीत बॅटरी उतरते, सेंट्रल लॉक आपोआप उघडतं. कसारा घाटात एकदा हेडलाइट बंद पडले. डीलरच्या वर्कशॉपने बॅटरी बदलली, दोनदा सॉफ्टवेअर अपडेट केलं. आता म्हणतात, तुम्ही फॉग लॅम्प आणि रिव्हर्स कॅमेरा बसवलात, वॉरंटी रद्द. वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरांचा जुडगा) आणि कंट्रोल मॉड्यूलचे ८६ हजार भरा, नाहीतर रोज ५०० रुपये पार्किंग. फॉग लॅम्प बाहेर लावले, पण कॅमेरा त्यांच्याच शोरूमने बसवला होता. नवीन गाडी मागता येईल का? तक्रार मी करू शकते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नवीन गाडीचा हट्ट धरू नका. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल, तर त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. मोफत दुरुस्ती, खर्चाची भरपाई आणि मनस्तापाबद्दल काही रक्कम, एवढी मागणी पटण्याजोगी आहे.

आता मुख्य मुद्दा. वॉरंटी पुस्तिका काढून वगळलेल्या गोष्टींचं पान शब्दशः वाचा. बहुतेक पुस्तिकांत ‘बाहेरच्या फिटिंगमुळे झालेला बिघाड’ वगळलेला असतो. त्या ‘मुळे’वरच तुमची केस उभी आहे. विम्याच्या खटल्यांत न्यायालयांनी वारंवार सांगितलंय, की अपवादाचा आधार घेणाऱ्याने तो सिद्ध करायचा. तोच युक्तिवाद इथे करता येतो. कॅमेऱ्याचं शोरूमचं ॲक्सेसरी बिल असेल, तर त्याबद्दल त्यांना तोंड उघडायलाच जागा नाही.

फॉग लॅम्पची बाजू मात्र नाजूक आहे. ते लपवू नका, उलटतपासणीत निघतंच. रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून लाइन घेतली असेल तर ठीक. हेडलाइटची वायर सोलून जोड मारला असेल, तर घाटातल्या प्रकाराचं खापर तुमच्यावर फुटू शकतं. तरीही त्या जोडामुळे सेंट्रल लॉक कसं उघडतं, हे त्यांना सांगावं लागेल.

बॅटरी उतरण्याची तपासणी वर्कशॉपला मुळीच अवघड नाही. गाडी लॉक करून तिचे सगळे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपेपर्यंत थांबायचं, म्हणजे साधारण अर्धा ते एक तास, आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजायचा. निरोगी गाडीत तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. जास्त आला, तर फॉग लॅम्प आणि कॅमेऱ्याचे कपलर (वायर जोडणारे प्लग) काढून पुन्हा मोजायचा. तरीही कमी झाला नाही, तर बॅटरी खाणारं काहीतरी गाडीच्या स्वतःच्या सर्किटमध्ये आहे, आणि त्यापुरतं वर्कशॉपचं म्हणणं कोसळतं. कमी झाला, तर वकिलावर खर्च करण्याआधी फॉग लॅम्प काढून घ्या.

हे आकडे वर्कशॉपने लिहून दिलेत का? तुमच्या पत्रावरून नाही वाटत. ईमेल करून सगळी जॉब कार्डं, स्कॅनरमध्ये आलेले फॉल्ट कोड, करंटची मोजणी आणि खराब म्हणतात त्या हार्नेसचे फोटो मागा. (फोटोत उंदरांनी कुरतडलेलं दिसलं, तर गोष्टच वेगळी. ते सहसा वॉरंटीत बसत नाही. विमा पॉलिसी बघा.) ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला काही उघडू देऊ नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. छेडछाड झालेल्या गाडीचा अहवाल तुमच्या उपयोगाचा नाही.

गाडी अडवून ठेवण्याबद्दल : करार कायद्याच्या कलम १७० नुसार वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलेला माणूस त्या कामाच्या पैशांसाठी ती रोखू शकतो. न केलेल्या दुरुस्तीसाठी, किंवा आधी न ठरलेल्या पार्किंगसाठी नाही. तसं लेखी कळवा. तरी देईनात, तर ‘हक्क राखून’ असं लिहून पैसे भरा, पावती घ्या, गाडी आणा. ती रक्कम तक्रारीत मागता येते.

तक्रार तुम्ही करू शकता. मालकाच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे. तरी सासऱ्यांना सहतक्रारदार करा, म्हणजे निदान एक आक्षेप सुरुवातीलाच मिटतो. समोर डीलर आणि उत्पादक कंपनी दोघेही हवेत. डीलरच्या स्वतःच्या कृत्याला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही, असा टाटा मोटर्सच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल आहे. म्हणून वॉरंटी नाकारल्याचं कंपनीलाही आत्ताच लेखी कळवा, नंतर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ नको.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कधीकधी तेवढ्यावर वर्कशॉप नरमतं. नाही नरमलं, तर पंधरा दिवसांची नोटीस आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही तिथे राहता, एवढं पुरेसं आहे. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मोजली जाते ती दिलेली किंमत, ५० लाखांपर्यंत प्रकरण जिल्ह्यातच चालतं. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची आहे, पण तुम्ही वाट बघू नका; वॉरंटी चालू असताना केलेली तक्रार जास्त वजनाची असते.

आणि नोटिशीचा पहिला परिच्छेद बॅटरीचा नको. घाटात दिवे गेले ते लिहा, तारीख-वेळेसह. तोवर रात्री ही गाडी काढू नका.